गरोदर बहिणीचे हिमोग्लोबिन ७.६, रक्तगट बी निगेटिव्ह : रक्त चढवावे की लोहाचे इंजेक्शन पुरेल?

मलप्रभाकाठ, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिचे सासर चंदगड तालुक्यात असल्यामुळे सुरुवातीच्या तपासण्या तिकडेच झाल्या. २८ आठवडे पूर्ण झाल्यावर आम्ही बेळगावातील एका दवाखान्यात तिचे नाव नोंदवले. तेथील तपासणीत हिमोग्लोबिन ७.६ निघाले. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, आमच्या मेहुण्यांचा ओ पॉझिटिव्ह आणि माझा बी निगेटिव्ह. तिचे वजन ४८ किलो आहे. चढावर दम लागतो, पण घरातली हलकी कामे ती करते. पायांवर सूज नाही आणि रक्तदाबही ठीक आहे.

डॉक्टरांचे म्हणणे असे की आता रक्त चढवण्याची गरज नाही. सलाईनमधून लोह देऊ, अँटी-डी नावाचे एक इंजेक्शन देऊ आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू. यावरून घरात वाद सुरू झाला आहे. पोर एवढी पांढरीफटक पडली असताना दोन पिशव्या रक्त द्यायला डॉक्टर का कचरतात, असे आईला वाटते. सासरच्या मंडळींनी तर निरोप पाठवला आहे की रक्त द्यायचेच झाले तर बाहेरचे नको, घरच्याच माणसाचे द्यावे, आणि ओ गट सर्वांना चालत असल्यामुळे मेहुणेच ते देतील. ते शक्य नसेल तर मी तयार आहेच.

बाळंतपण ऐन पावसाळ्यात येणार आहे आणि आमचे गाव जांबोटीच्या पुढे, जंगलाच्या बाजूला आहे. ओढ्याला पाणी आले की रस्ता बंद होतो. या सगळ्याचा विचार करता रक्त आताच चढवून घेणे शहाणपणाचे ठरेल का, आणि घरच्यांच्या रक्ताविषयी नेमके काय खरे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, चिकोडी

तुमच्या बहिणीला मी तपासलेले नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच राहील. मात्र तुम्ही दिलेल्या माहितीवरून त्यांचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो, आणि त्यामागचा विचार घरच्यांना समजावून सांगता यावा म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिमोग्लोबिन किती आहे यापेक्षा ते किती वेगाने उतरले, त्याचा शरीरावर काय परिणाम दिसतो आणि प्रसूतीला किती वेळ उरला आहे, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे असतात. महिनोन् महिने हळूहळू उतरलेल्या हिमोग्लोबिनशी शरीर जुळवून घेते: हृदय जास्त रक्त फिरवते आणि लाल पेशी ऊतींना प्राणवायू अधिक सहजपणे सोडतात. म्हणून ७.६ असताना तुमची बहीण घरात वावरू शकते. उलट प्रसूतीनंतर अर्ध्या तासात दीड लिटर रक्त गेलेल्या बाईचा कागदावरचा आकडा १० दिसत असला, तरी तिला तातडीने रक्त लागू शकते. आपल्याकडे साधारणपणे असे धरले जाते की ३४ आठवड्यांच्या आत हिमोग्लोबिन ५ च्या खाली गेले, किंवा ५ ते ७ च्या दरम्यान असताना हृदयावर ताण आल्याची लक्षणे दिसली, तर रक्त द्यावे. ३४ आठवड्यांनंतर मात्र ७ च्या खाली असेल तर लक्षणे नसतानाही द्यावे, कारण तेव्हा लोहाने ते वाढवायला अवधी उरत नाही. तुमच्याकडे अजून जवळजवळ तीन महिने आहेत.

आता हिशेब पाहा. ४८ किलो वजनाच्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ७.६ वरून ११ वर न्यायचे आणि शरीरातील रिकामा साठाही भरायचा, तर प्रचलित सूत्रानुसार सुमारे ९०० मिलिग्रॅम लोह लागते. रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढते आणि तिच्यात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे आई म्हणते त्या दोन पिशव्यांनी आकडा साडेनऊच्या आसपास जाईल, पण मूळ तूट जवळजवळ निम्मी तशीच राहील. त्याउलट आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमच्या मात्रांत एक दिवसाआड दिले, किंवा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजची वजनानुसार ठरवलेली मोठी मात्रा एक-दोन बैठकांत दिली, तर सगळी तूट भरून निघते. पहिल्या तीन महिन्यांत ही इंजेक्शने देत नाहीत; त्यानंतर ती सुरक्षित मानली जातात. दोन-तीन आठवड्यांत आकडा हलू लागतो.

रक्त देण्याचे तोटेही आहेत, आणि गरोदरपणात ते अधिक जाणवतात. या काळात शरीरातील रक्तद्रव आधीच ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेला असतो. त्यात पिशवी वेगाने दिली तर फुप्फुसांत पाणी होऊ शकते. याशिवाय परक्या लाल पेशींवर ए, बी आणि आरएच डी यांच्या पलीकडेही अनेक खुणा असतात. त्यांच्याविरुद्ध स्त्रीच्या शरीरात प्रतिपिंडे (परक्या पेशींशी लढणारी प्रथिने) तयार झाली, तर ती वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतात आणि पुढच्या गरोदरपणात अडचण आणतात. तुमची बहीण आधीच निगेटिव्ह गटाची आहे; तिच्यावर विनाकारण हा आणखी एक भार कशाला टाकायचा?

हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की रक्त द्यायचे, अशी रीत जगभर कित्येक दशके होती. १९९९ साली कॅनडात अतिदक्षता विभागातील ८३८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, १० च्या खाली जाताच रक्त दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत मागे पडले नाहीत. ते रुग्ण गरोदर नव्हते हे खरे, तरी सढळ हाताने रक्त देण्याच्या सवयीला तेव्हापासून खीळ बसली, आणि माझ्या मते ते चांगलेच झाले.

एक विनंती आहे. लोह सुरू करण्यापूर्वी फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप), एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि शक्य असल्यास हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी (थॅलेसेमियासारखे हिमोग्लोबिनचे दोष ओळखणारी) झाली आहे का, हे विचारून घ्या. सगळाच पंडुरोग लोहाच्या कमतरतेने होत नाही. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही बरीच आढळते. चंदगडला मिळालेल्या लोहाच्या गोळ्या ती खरोखर घेत होती का, आणि घेत असल्यास चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत होती का, हेही पाहा. दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही.

निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, टिळकवाडी

डॉक्टरांनी उपचाराची बाजू मांडली आहे. घरच्यांच्या रक्ताविषयीचा प्रश्न आमच्या खिडकीवर इतक्या वेळा येत असे, की त्याचे उत्तर मी देणेच योग्य.

प्रथम मेहुण्यांविषयी. ओ गट सर्वांना चालतो हे विधान अर्धवट आहे. आणीबाणीच्या वेळी कोणालाही देता येतात त्या ओ निगेटिव्ह लाल पेशी. मेहुणे ओ पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे त्यांच्या पेशींवर डी प्रतिजन (गट पॉझिटिव्ह ठरवणारी खूण) आहे आणि तुमच्या बहिणीच्या पेशींवर नाही. ते रक्त तिला दिले, तर तिच्या शरीरात डीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात; म्हणजे जे घडू नये म्हणून अँटी-डीचे इंजेक्शन देतात तेच आपण हाताने घडवून आणल्यासारखे होईल. शिवाय गट जुळत असता तरी, मूल होण्याच्या वयातील पत्नीला पतीचे रक्त शक्यतो देऊ नये असा संकेत आहे. बाळ अर्धे वडिलांचे असते. वडिलांच्या पेशींवरील ज्या खुणांविरुद्ध आई प्रतिपिंडे तयार करील, त्याच खुणा पुढच्या बाळावर असण्याची शक्यता मोठी असते.

आता तुमच्याविषयी. सख्ख्या भावाचे रक्त सर्वांत निर्धोक, ही समजूत फार जुनी आहे, पण वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. रक्ताच्या पिशवीत दात्याच्या जिवंत पांढऱ्या पेशीही थोड्या असतात. परक्याच्या असतील तर रुग्णाचे शरीर त्यांना ओळखून नष्ट करते. जवळच्या नातेवाइकाच्या असतील आणि ऊतींची जुळणी विशिष्ट प्रकारे बसली असेल, तर रुग्णाचे शरीर त्यांना परके मानत नाही; त्या पेशी मात्र रुग्णाच्या शरीराला परके मानतात आणि त्वचा, यकृत, आतडी व अस्थिमज्जा यांवर हल्ला चढवतात. हा विकार क्वचितच होतो, पण झाला तर रुग्ण बहुधा वाचत नाही. म्हणून नातेवाइकाचे रक्त देणे भाग पडल्यास ती पिशवी आधी किरणोत्सर्गाने उपचारित करावी लागते, आणि तशी सोय सर्वत्र नसते.

त्यामुळे तुम्ही रक्तदान जरूर करा, पण ते रक्तपेढीच्या साठ्यासाठी करा; बहिणीला त्याच गटाची दुसऱ्या दात्याची पिशवी मिळेल. आपल्याकडे शंभरात साधारण पाच माणसे निगेटिव्ह गटाची असतात, त्यामुळे तुमच्या पिशवीची वाट कोणीतरी नक्कीच पाहत असेल. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि पुरुषांसाठी आधीच्या रक्तदानाला ९० दिवस झालेले असावेत. स्त्रियांसाठी ही मुदत १२० दिवसांची आहे.

घरचा माणूस म्हणून त्याचे रक्त स्वच्छ, हा विचारही मला कधी पटला नाही. एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात. तरीही संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणीत तो न दिसण्याचा काही काळ असतो, आणि तेथे दात्याने प्रश्नावलीला दिलेले खरे उत्तर हाच आधार उरतो. सासू, सासरे, मेहुणे असे सारे बाहेर बाकावर बसलेले असताना, आतल्या माणसाला आपले खासगी आयुष्य खरेपणाने सांगणे किती अवघड जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. कोणाच्या दबावाशिवाय नियमितपणे येणारा अनोळखी दाता मला नेहमीच अधिक भरवशाचा वाटला. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, तीही याच कारणासाठी.

थोडे विषयांतर करतो, पण आपल्या भागात ते उपयोगी पडावे. ओ गट म्हणून नोंद झालेल्या एखाद्या रुग्णाचे रक्त कोणत्याही ओ पिशवीशी जुळेनासे झाले, तर तंत्रज्ञाच्या मनात बॉम्बे गटाची शंका यायला हवी. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत हा गट प्रथम नोंदवला. या व्यक्तींच्या पेशींवर ए आणि बी तर नसतातच, पण ज्याच्यावर ते उभे राहतात तो एच प्रतिजनही नसतो, त्यामुळे त्यांना साधे ओ रक्तही चालत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकात असे लोक जगाच्या इतर भागांपेक्षा अधिक आढळतात.

हिरण्यकेशी, संकेश्वर

दोन्ही उत्तरे वाचली आणि त्यांतील ज्ञानाविषयी मला आदर आहे. तरीही थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते. आमच्या पिढीने रक्ताची बाटली चढल्यावर दुसऱ्या दिवशी तोंडावर तुकतुकी आलेली माणसे पाहिली आहेत. शहरातल्या दवाखान्यात बसून गरज नाही असे सांगणे सोपे असते, कारण तिथे मजल्याखालीच रक्तपेढी असते. खानापूरच्या जंगलपट्टीत मध्यरात्री कळा सुरू झाल्या, १०८ ला फोन केला आणि झाड पडून रस्ता अडला, तर त्या वेळी सूत्रे आणि हिशेब कामाला येत नाहीत. निगेटिव्ह गटाचे रक्त ऐनवेळी मिळवताना काय यातायात होते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. म्हणून आज सवड असताना एक-दोन पिशव्या देऊन अंगात थोडी शिल्लक ठेवावी, असे वाटणाऱ्या आईला मी चुकीचे म्हणणार नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ, चिकोडी

हिरण्यकेशी, तुमची भीती रास्त आहे. मला मान्य नाही तो फक्त उपाय. चढवलेले रक्त अंगात शिल्लक म्हणून टिकत नाही. पिशवीतील लाल पेशी सगळ्या वयाच्या असतात. लाल पेशीचे एकूण आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे, त्यात काही पेशी साठवणुकीतच निकामी झालेल्या असतात. आज २८ व्या आठवड्यात चढवलेल्या पिशवीतील बऱ्याच पेशी प्रसूतीच्या दिवसापर्यंत संपलेल्या असतील. लोह मिळाले तर मात्र तिची स्वतःची अस्थिमज्जा रोज नव्या पेशी तयार करीत राहील. प्रसूतीच्या वेळी ती ७.६ ऐवजी ११ वर असणे, हीच त्या रात्रीची खरी तयारी आहे.

तोंडावर तुकतुकी येते हे खरे आहे, पण बरे वाटणे आणि गरज असणे यांत फरक केला पाहिजे. प्रत्येक पिशवीबरोबर थंडी-ताप, अंगावर पित्त उठणे अशा किरकोळ प्रतिक्रियांपासून चुकीच्या गटाचे रक्त जाण्यासारख्या जीवघेण्या प्रसंगापर्यंत काही ना काही धोका येतोच. भारतात अशा प्रतिक्रियांची नोंद ठेवण्यासाठी १० डिसेंबर २०१२ पासून स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. लाभ मोठा असेल तिथे हा धोका आम्ही निःशंकपणे पत्करतो.

दूधगंगा, निपाणी

मी डॉक्टर नाही, थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिनचा गंभीर आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाचा बाप आहे. रक्त कधी द्यावे या चर्चेत आमच्यासारख्यांची बाजूही यावी म्हणून लिहितो.

आमच्या मुलाला दर तीन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यासाठी आम्ही कोल्हापूरला जातो. त्याचे हिमोग्लोबिन रक्त देण्यापूर्वीही ९ ते १०.५ च्या दरम्यान असावे, असे आम्हाला सांगितलेले आहे. म्हणजे तुमच्या बहिणीला ७.६ असताना रक्त नको, आणि माझ्या मुलाला ९ असताना हवे. सुरुवातीला ही विसंगती मला समजत नसे. त्याची अस्थिमज्जा स्वतःहून चांगल्या लाल पेशी तयारच करू शकत नाही. हिमोग्लोबिन खाली जाऊ दिले तर ती निष्फळ धडपड करीत फुगत जाते, चेहऱ्याची हाडे बदलतात, प्लीहा वाढते आणि मुलाची वाढ खुंटते. त्याला रक्ताशिवाय पर्याय नाही. पण वर डॉक्टरांनी जे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह सांगितले, तेच आमच्या घरी शत्रू होऊन बसते. शरीराला ते बाहेर टाकण्याची वाट नसल्यामुळे ते हृदयात, यकृतात आणि ग्रंथींमध्ये साठत जाते, म्हणून मुलाला रोज लोह काढून टाकणारे औषध घ्यावे लागते.

मुद्दा हा की माझी पत्नी गरोदर असताना तिचे हिमोग्लोबिन कमी होते, ती नेमाने गोळ्या घेत होती आणि आकडा हलत नव्हता. लोहाच्या कमतरतेखेरीज दुसरे काही असेल असे कोणीही सुचवले नाही. आम्ही दोघेही थॅलेसेमियाचे वाहक आहोत हे मूल सहा महिन्यांचे झाल्यावर, त्याच्या आजारपणात कळले. वाहक माणूस एरवी धडधाकट असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही. म्हणून डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली एचपीएलसी कृपा करून टाळू नका, आणि ती वाहक निघाली तर मेहुण्यांचीही लगेच करा. खरे तर ही तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवी, पण तुमच्या बहिणीच्या पुढच्या बाळंतपणासाठीही ती उपयोगी पडेल.

मलप्रभाकाठ, खानापूर तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. सासरच्या मंडळींनाही पाठवला आहे. तपासण्या झाल्या. फेरिटिन ६, एमसीव्ही ६४, एचपीएलसी निर्दोष आणि इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी (रक्तात प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी) निगेटिव्ह आली. गोळ्या ती घेत होती, पण सकाळच्या चहाबरोबर. सलाईनमधून लोह सुरू झाले आहे, अँटी-डीही दिले आहे.

आता उरतो प्रश्न पावसाळ्याचा. बी निगेटिव्हच्या एक-दोन पिशव्या आधीच जुळवून, बर्फाच्या पेटीत घालून खानापुरात किंवा घराजवळ आणून ठेवता येतील का? आमच्या ओळखीच्या एकाने तसे सुचवले आहे.

निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, टिळकवाडी

असे करू नका. लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात सतत ठेवाव्या लागतात. तसे केले तर वापरलेल्या द्रावणानुसार त्या ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. बर्फाला थेट लागल्या तर पेशी गोठून फुटतात आणि गरम झाल्या तर जंतू वाढतात. थंड साखळीतून बाहेर काढून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ झालेली पिशवी पुन्हा साठ्यात घेत नाहीत, आणि चढवणे सुरू केल्यावर चार तासांच्या आत ती संपवावी लागते. घरच्या फ्रीजचे तापमान दार उघडताच वरखाली होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळ असते हे मी सांगायला नको. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रक्तसाठा केंद्र चालू आहे का, तेवढे मात्र आताच विचारून ठेवा. अशा केंद्रातील रक्त मातृरक्तपेढीकडून (ज्या रक्तपेढीशी केंद्र जोडलेले असते तिच्याकडून) योग्य रीतीने आलेले असते.

फार आधी क्रॉसमॅच (रुग्णाचे आणि पिशवीतील रक्त जुळते का ही चाचणी) करून ठेवण्याचाही उपयोग नसतो. गरोदर स्त्रीच्या रक्तात नवी प्रतिपिंडे केव्हाही तयार होऊ शकतात, म्हणून तिचा नमुना साधारणपणे ७२ तासच ग्राह्य धरतात. प्रसूतीसाठी भरती झाल्याबरोबर नमुना रक्तपेढीकडे पाठवावा आणि बी निगेटिव्हची गरज आहे हे त्यांना दोन-तीन आठवडे आधी कळवून ठेवावे, एवढे पुरेसे आहे. कोणत्या रक्तपेढीत कोणता गट शिल्लक आहे, हे ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. तरी निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. रक्त विकत मिळत नाही, जे पैसे घेतात ते तपासणी आणि प्रक्रियेचे असतात. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीसाठी रक्ताचा खर्च जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून भागवला जातो.

माझ्या अनुभवातली आणखी एक गोष्ट सीमाभागातील प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. मुलगी माहेरी आली की दवाखान्यात माहेरचे नाव सांगितले जाते, चंदगडच्या कार्डावर सासरचे नाव असते, आधारकार्डावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असते आणि इथल्या चिठ्ठीवर ते कन्नडमध्ये उतरते. नमुन्याच्या नळीवरचे नाव आणि मागणीपत्रावरचे नाव जुळले नाही, तर रक्तपेढी नमुना परत पाठवते. तो हटवादीपणा नसतो. चुकीचे रक्त जाण्याचे प्रकार प्रयोगशाळेतील चुकीपेक्षा नावांच्या आणि चिठ्ठ्यांच्या घोटाळ्यातून अधिक घडतात. एकच नाव ठरवा, ते सगळीकडे सारखे लिहून घ्या आणि रुग्ण क्रमांक जपून ठेवा. पिशवी लावताना परिचारिका नाव, गट, पिशवीचा क्रमांक आणि मुदत मोठ्याने वाचून पडताळते; तेव्हा तुम्हीही जवळ उभे राहा. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर ते मराठीत समजावून सांगा असे म्हणायला संकोच करू नका. बेळगावात ते सांगणारे कोणीतरी हमखास सापडते.

अँटी-डी कोणत्या तारखेला दिले, हेही मागणीपत्रावर लिहायला सांगा. त्या इंजेक्शनातील प्रतिपिंडे काही आठवडे तिच्या रक्तात फिरत राहतात आणि चाचणीत दिसू शकतात. तारीख माहीत नसेल तर ती तिने स्वतः तयार केली आहेत असे समजून प्रयोगशाळेचा अमूल्य वेळ जातो.

स्त्रीरोगतज्ज्ञ, चिकोडी

फेरिटिन ६ म्हणजे लोहाचा साठा रिकामाच होता. निदान पक्के झाले. लोहाने ३२ व्या आठवड्यापर्यंत आकडा ९ च्या पुढे जायला हरकत नाही. तसा तो गेला नाही, तर थांबू नका, बी-१२ आणि इतर कारणे शोधायला सांगा. ३४ व्या आठवड्याला पुन्हा तपासणी कराच, कारण रक्त द्यायचे की नाही याचा विचार बदलण्याची ती वेळ आहे.

पावसाळ्यावरचा उपाय म्हणजे बहिणीला रक्ताजवळ नेणे. ३७ व्या आठवड्यापासून तिला बेळगावात एखाद्या नातेवाइकाकडे ठेवता आले तर तुमची निम्मी काळजी मिटेल. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. वार सुटल्यानंतर गर्भाशय आवळले गेले नाही, तर किती लवकर किती रक्त जाईल याची कल्पना यावरून येईल. म्हणून बाळ जन्मताच आम्ही ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतो, आणि रक्तस्राव होऊ लागलाच तर ट्रानेक्सॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांच्या आत देतो. रक्ताची पिशवी त्यानंतरची पायरी आहे.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याने जगाला काही दिले आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात, बेळगावच्याच जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह एक अभ्यास केला आणि तो २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना परिचारिकेने बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आवळणाऱ्या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या, तर उरलेल्यांना औषध नसलेल्या तशाच गोळ्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले आणि गंभीर रक्तस्रावाचे १.२ वरून ०.२ वर. फ्रीज नको, सुई नको, अशा गोळ्यांनी रक्त लागण्याची वेळच किती तरी स्त्रियांवरून टळू शकते हे त्यातून दिसले. मात्र या गोळ्या स्वतःच्या मनाने घरी आणून ठेवू नका. बाळ पोटात असताना घेतल्या तर गर्भाशय फाटू शकते.

शेवटची गोष्ट. बाळ जन्मल्यावर नाळेतील रक्तावरून त्याचा गट लगेच तपासून घ्या. तो पॉझिटिव्ह निघाला तर बहिणीला अँटी-डीची दुसरी मात्रा ७२ तासांच्या आत मिळाली पाहिजे, आणि सुट्टीचे दिवस मध्ये आले तर ते इंजेक्शन औषधाच्या दुकानात मिळायला अडचण होते; म्हणून भरती होतानाच त्याची चौकशी करून ठेवा. निगेटिव्ह निघाला तर दुसऱ्या मात्रेची गरज नाही.